पहिल्या धड्यापुरतं नेपाळी

“दवाखान्यात दुसऱ्यांच्या बोलण्याला कान लावून बसू नकोस, घरी येऊन तूच जागत बसशील,” असं सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. परवा बाळाला लस द्यायला गेले, तर मागच्या बाकावर साठीपलीकडचे बहीणभाऊ बसले होते.

“पुटपुटतोयस काय रे?”

“नेपाळी व्याकरण, ताई. मेंदूचा झटका आल्यापासून आमची ही फक्त माहेरची भाषा बोलते ना.”

“जमतंय का?”

“क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, तेवढं सोपं आहे. पण मी आधी प्रश्नांचा धडा घेतला. काय हवंय, कुठे दुखतंय, सगळं विचारता येतं. उत्तर मात्र कळत नाही.”

“शहाणाच आहेस.”

“मी विचारलं की तिला वाटतं, मला सगळं येतं. मग तासभर बोलते. मी आपला ‘हुन्छ, हुन्छ’ करतो. म्हणजे बरं, चालेल.”

“काय चालेल?”

“तेच तर कळत नाही. काल असंच हुन्छ म्हटलं, तर तिने डोळे पुसले. आज सकाळपासून स्वेटर, बूट घालून दाराशी बसलीये.”

“आणि तू माझा गुडघा दाखवायला आलास? तिच्याजवळ कोण आहे?”

“शेजारच्या वहिनी बघतात ना. का त्या आज बाहेरगावी जाणार होत्या?”

“दाराला कुलूप?”

“नुसतं ओढून घेतलंय. ती कुठे जाणारे, ताई?”

तेवढ्यात आमचा नंबर लागला. लस देऊन बाहेर आले, तर बाक रिकामा होता.

तुमच्या शेजारी कुणी अशी बूट घालून दाराशी बसलेली असेल, तर जरा डोकावून या. दार नुसतं ओढलेलं आहे.