आतला हुकूम

…तर विचारायचंच कशाला होतं मी! यवतला माझं बी-बियाण्याचं दुकान, शाळा आठवीपर्यंत, पण खोडच अशी, की कुठलीबी गोष्ट मुळापासनं कळल्याबिगर चैन पडत न्हाई. पुतण्या गोकुळला घेऊन पुण्याला गेलतो. पोरगा कुरकुंभला कंपनीत शिफ्ट करायचा, आन् एकाएकी त्याच्या डोक्यात आवाज यायला लागले, "गोकुळ, हुकूम सुटलाय, आवर!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्किझोफ्रेनिया. गोळ्या दिल्या. गपगुमान उठायचं का न्हाई? मी म्हटलं, "म्याडम, पण हे होतं कशानं?"

बाई गोड. म्हणाल्या, "आप्पा, नक्की कुणालाच माहीत नाही. प्रत्येक पेशीत स्वतःला संपवायचा हुकूम लिहिलेलाच असतो. पोटात बाळाची बोटं सुटी होतात ना, ती मधल्या पेशी अशा मरतात म्हणून. या आजारात मेंदूत तो हुकूम कुठंतरी अवेळी सुटत असेल, असा काहींचा अंदाज आहे."

झालं! मी लगेच, "म्हंजी बाजरीची विरळणी! दाट रोपं उपटायची, हितं जरा जास्तीच उपटली!" बाई हसल्या. गोकुळ न्हाई हसला. एवढंच म्हणाला, "उपटतंय कोण?"

तुम्हाला सांगतो, यवत येईस्तोवर अंगावरचा काटा बसला न्हाई!

घरी वहिनीनं गोळी पुढं केली, तर हा म्हणतो, "कशाला, आई? हुकूम आतनंच सुटतो, म्याडमबी तेच बोलल्या. मी येगळं काय सांगत होतो?" आन् थुकली की गोळी! वहिनी माझ्यावर, "भावजी, तुमाला नुसतं बी इकता येत न्हाई व्हय?" मग गोकुळचं जेवण सुटलं, भर उन्हात भिंतीला कान लावून उभा… हुकूम आतनंच सुटतो म्हणं!

शेवटी हात जोडले. "बाबा, घे गोळी."

"आप्पा, हुकूम सगळ्यांच्यात लिहिलाय ना? तुमच्यातबी?"

"…हाय की."

"मग आधी तुमी घ्या."

काय करता? आता रोज जेवण झालं की ओसरीवर बसतो दोघं. तो त्याची गोळी घेतो, मी माझी कॅल्शियमची. त्याचे आवाज थांबलेत, चार घास खातो, वहिनी खूश.

आन् मी? मी आपला पाणी पिऊन गप बसतो… कान लावून!