इंजिनाच्या पेटीवर एनिड

(ओमेर खाडीचा दवाखाना, मंगळवारची सकाळ. टेबलाशी नर्स लिस्ट्रा, दारात कॅप्टन ऑल्बन. पडद्याआड खाटेवर त्याची मुलगी जेम्मा, आठवा महिना.)

ऑल्बन : तुम्ही कितीही सांगा सिस्टर, आज मी बोट काढत नाही.

लिस्ट्रा : पाणी बघ जरा बाहेर. कसं निवांत पडलंय.

ऑल्बन : पाण्याबद्दल माझी तक्रार नाही.

लिस्ट्रा : मग कोणाबद्दल आहे?

ऑल्बन : दुसरं कोणी बघा म्हणतो मी.

लिस्ट्रा : दुसरं कोण? फेरी शुक्रवारपर्यंत दुरुस्तीला. बाकी सगळे पहाटेच मासे धरायला गेलेत, उन्हं उतरल्याशिवाय एकही परत येत नाही. खाडीत एकच बोट उभी आहे, ऑल्बन, आणि तिच्यावर तुझ्या बायकोचं नाव लिहिलंय.

ऑल्बन : सरकारी लाँच बोलवा की. आजाऱ्यांसाठीच ठेवलीय ना ती?

लिस्ट्रा : आजाऱ्यांसाठी नाही, कागदांसाठी ठेवलीय. डॉक्टरची सही असल्याशिवाय ती धक्का सोडत नाही. डॉक्टर एक आणि बेटं चार. आपल्याकडे गुरुवारी येतो. सकाळपासून अकरा वेळा फोन लावला. कुठल्या बेटावर आहे देव जाणे.

ऑल्बन : मग गुरुवारपर्यंत इथेच ठेवू हिला. तुम्ही आहात ना.

लिस्ट्रा : मी आहे आणि एक इंजेक्शन होतं, ते देऊन झालं. नीट ऐक. पोरीचं ब्लडप्रेशर एकशेऐंशीच्या घरात गेलंय. पाय सुजलेत, डोकं फुटतंय. इंजेक्शन काही तास धरून ठेवेल. पुढे झटके आले तर माझ्याजवळ काही नाही. ती जाईल आणि पोटातलंही जाईल. मोठ्या बेटावर नेलं तर पोट उघडून बाळ काढतील, दोघंही वाचतील. तीन तासांचं पाणी आहे मधे. यापेक्षा सोपं करून मला सांगता येत नाही.

जेम्मा : पडदा म्हणजे भिंत नव्हे, सिस्टर. मला सगळं ऐकू येतंय.

लिस्ट्रा : तू ऐकू नकोस. डोळे मिटून पड.

जेम्मा : मिटले की काजवे जास्त चमकतात.

लिस्ट्रा : ऐकलंस? आता बोल.

ऑल्बन : आज पहाटे एनिड आली होती.

लिस्ट्रा : स्वप्नात?

ऑल्बन : नाही, फेरीनं आली. स्वप्नातच की. बोटीत बसलेली होती, इंजिनाच्या पेटीवर, माझ्याकडे पाठ करून. तोच पिवळा झगा. एरवी लांब असते, धक्क्यावर वगैरे. आज हात लावता आला असता इतकी जवळ होती.

लिस्ट्रा : काही मागितलं का? पाणी, जेवण? मागितलं असेल तर तिच्या नावानं ताट मांडू. मी परत आले की स्वतः रांधते, मक्याच्या पिठाचा कूकू, तुरीचे दाणे, सगळं बिनमिठाचं, दर वर्षी करते तसं. पण आधी पोरीला पोचवू.

ऑल्बन : गेलेलं माणूस बोटीत बसलेलं दिसलं की ती बोट त्या दिवशी पाण्यात घालायची नाही. माझ्या बापानं पाळलं, आजानं पाळलं. लायोनेलनं पाळलं नाही. त्याच्या बोटीची फळीसुद्धा सापडली नाही.

लिस्ट्रा : लायोनेल दारू पिऊन गेला होता.

ऑल्बन : दारू तो रोज प्यायचा. बुडाला एकदाच.

जेम्मा : पप्पा, आई काही बोलली का?

ऑल्बन : तू पड गं शांत.

जेम्मा : माझ्यावरून चाललंय सगळं आणि मीच शांत पडू. बोलली का काही?

ऑल्बन : नेहमीचंच.

लिस्ट्रा : नेहमीचं म्हणजे काय?

ऑल्बन : सहा वर्षं झाली, एकच विचारते. 'किती वाजले?' म्हणते.

लिस्ट्रा : काय म्हणते?

ऑल्बन : 'किती वाजले?' बस, एवढंच. मी घड्याळ बघायला मनगट वर करतो तर हातात घड्याळ नसतं. मग ती मान खाली घालते. दर वेळी असंच.

लिस्ट्रा : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

ऑल्बन : काय सांगायचं? रम मागितली असती तर ताटाशी रम ठेवली असती. वेळ कशी वाढायची ताटात? आणि मला कळतं ना ती का विचारते ते. माझा उशीर मोजते ती. रोज बाराला परतणारा माणूस मी. त्या दिवशी हाव सुटली, लांबच्या खडकापाशी टाकलेले सापळे ओढायला गेलो. सहा सापळे, सिस्टर. त्यात एक खेकडा आणि एक बूट निघाला. आलो तेव्हा चार वाजलेले. ती इथे बाराला येऊन पडलेली, पोटात आतडं फुटलेलं. बाराला निघालो असतो तर तीनला तिकडे टेबलावर असती. अर्ध्या वाटेत गेली ती. त्या पेटीवरच, माझ्याकडे पाठ करून. मी सुकाणू धरून बोलतोय, बोलतोय, आणि ती केव्हाच गेलेली. आता तीच मला सांगतेय की या पोरीच्या वेळीही तू उशीर करशील, हिला बोटीत घालू नकोस. असं असताना मी कशी काढू बोट?

जेम्मा : सिस्टर? सिस्टर, काय झालं? खुर्ची का सरकवलीत?

लिस्ट्रा : काही नाही. उठले जरा.

ऑल्बन : पाणी देऊ?

लिस्ट्रा : नको. तू मला पाणी देऊ नकोस. ऑल्बन, तो बाक बघ, दाराशेजारचा.

ऑल्बन : बघितला. त्याचं काय?

लिस्ट्रा : तेव्हा त्यावर बसलं की भिंतीवरचं घड्याळ पाठीमागे यायचं. बसलेल्या माणसाला दिसायचं नाही. मला टेबलावरून दिसतं.

ऑल्बन : बरं मग?

लिस्ट्रा : एनिड बाराला आली नव्हती. सातला आली होती.

ऑल्बन : कागदावर बारा लिहिलंय. मी बघितलाय कागद.

लिस्ट्रा : कागद मी लिहिलाय. सातला आली ती, आपल्या पायांनी. तू धक्क्यावर बर्फ भरत होतास. आठला तुझी बोट सुटली, या खिडकीतून मी बघितली. सगळा गाव टेकडीपलीकडे पेरणीच्या जेवणाला गेला होता, इथे आम्ही दोघीच. मी तिला म्हटलं, थांब, मोठ्या बेटावर जावं लागेलसं दिसतंय, पण डॉक्टरची सही येऊ दे. फोन लागेना. नऊ वाजले, दहा वाजले. तिला घड्याळ दिसायचं नाही, म्हणून ती मलाच विचारायची. 'किती वाजले, लिस्ट्रा?' पहिल्यांदा मी खरं सांगितलं. मग तिच्या जिवाला घोर नको म्हणून कमी करून सांगायला लागले. बारा वाजले तेव्हा तिला साडेदहा म्हणाले.

जेम्मा : पण आईला तसंच का नाही पाठवलंत? सातला तर पप्पा इथेच होते.

लिस्ट्रा : त्याआधीच्या वर्षी मी थिओफिलसला तसंच पाठवलं होतं, बिनसहीचं. तिकडच्या दवाखान्यानं दारातच सांगितलं, कागद नाही तर आधी पैसे भरा, मग खाट. त्याच्या पोरींना होडी विकावी लागली. ती होडीच त्यांचं सगळं होतं. आणि मला वरून लेखी ताकीद आली, पुन्हा असं केलंत तर नोकरी जाईल. मी घाबरले, जेम्मा. तुझ्या आईचं दुखणं साधं असेल असं मनाला समजावत बसले. चारला तुझे पप्पा धावत आले आणि विचारलं, कधी आली. माझ्या तोंडून बारा निघालं. मग कागदावरही बाराच लिहिलं.

ऑल्बन : मी आठला गेलो.

लिस्ट्रा : हो.

ऑल्बन : म्हणजे सातपासून एक तास मी इथे धक्क्यावर होतो. हाक मारली असती तर ऐकू आली असती.

लिस्ट्रा : आली असती.

ऑल्बन : सहा वर्षं मी सापळे टाकले नाहीत. लोक मला बायल्या म्हणतात. समुद्रात जाऊन हातानं गळ टाकतो आणि बाराच्या आत परत येतो. सहा वर्षं, लिस्ट्रा. तू दर वर्षी येऊन तिच्या ताटाचं रांधतेस. ताट रात्रभर तिच्यापुढे असतं, सकाळी सगळे त्या ताटातलं उष्टं खातात, पोरं तर तुटून पडतात, आणि तू एक घास घेत नाहीस. मला वाटायचं, बिनमिठाचं तुला गिळत नाही.

लिस्ट्रा : गिळत नाहीच. पण मिठाचा दोष नाही त्यात.

ऑल्बन : तुला लाज नाही वाटली?

लिस्ट्रा : वाटली. रोज वाटते. लाज वाटली म्हणून तोंड उघडतंच असं नाही ना.

ऑल्बन : मग आज का उघडलंस?

लिस्ट्रा : कारण 'किती वाजले' हे तिचं विचारणं जगात मी एकटीनं ऐकलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही, पाद्रीबाबांना नाही, स्वतःच्या बहिणीला नाही. तुझ्या स्वप्नात ते आलं ते तिनंच आणलं. ती तुझा उशीर मोजत नाहीये, ऑल्बन. उशीर आधी मी केला होता. ती अजून या बाकावर बसून मलाच विचारतेय. मला शिव्या दे, दगड मार, परत आल्यावर गावासमोर उभी कर. पण तिचं नाव सांगून या पोरीला गुरुवारपर्यंत बसवून ठेवू नकोस. बसवून ठेवण्याचं काम मी एकदा केलंय.

ऑल्बन : मला तुझं तोंड बघवत नाही.

लिस्ट्रा : नको बघूस. सुकाणूवर बस, पुढे बघ.

जेम्मा : पप्पा.

ऑल्बन : हं.

जेम्मा : माझं डोकं फार दुखतंय. भांडण बोटीत करा ना तुम्ही दोघं.

लिस्ट्रा : ऑल्बन, इतका वेळ ही चेष्टा करत होती, आता आवाज ओढतेय बघ.

ऑल्बन : आणि कागद? कागदाशिवाय नेलं आणि पुन्हा दारात अडवलं तर? माझ्याकडे विकायला ही बोटच आहे.

लिस्ट्रा : कागद लिहून झालाय. हा बघ. डॉक्टरच्या जागी मी माझी सही केलीय.

ऑल्बन : हे चालत नाही.

लिस्ट्रा : चालत नाहीच. पण दारावरचा माणूस कागद वाचेपर्यंत पोरीला आत न्यायचं. नंतर विचारू देत. लिस्ट्रा कोण म्हणून विचारतील, मी म्हणेन मी. हवं तर नोकरी घ्या म्हणेन. यावेळी बाकावर मी बसेन, ती नाही.

ऑल्बन : दाखव इकडे. वेळ काय लिहिलीस?

लिस्ट्रा : आली सकाळी सव्वाआठ. खरी वेळ आहे. जेम्माला विचार.

जेम्मा : सव्वाआठच, पप्पा. मी आल्या आल्या बाक फिरवला. घड्याळाकडे पाठ करून बसायला मला आवडत नाही.

ऑल्बन : आत्ताची पण लिही. निघालो ती.

लिस्ट्रा : निघतोय आपण?

ऑल्बन : त्या बाजूनं धर तिला. खाली गादी टाक, फळीवर नको. पाण्याची बाटली घे. त्या दिवशी एनिडला पाणी द्यायला मला मना केलं होतंस.

लिस्ट्रा : ऑपरेशन करायचं असतं म्हणून. आजही देता येणार नाही. ओठ ओले करू.

ऑल्बन : ओठ तरी करू. आणि तू पेटीवर बसायचं.

लिस्ट्रा : ती पहाटे जिथे बसली होती तिथे?

ऑल्बन : तिथेच. जागा रिकामी ठेवून मला बोट हाकता येणार नाही.

लिस्ट्रा : बसते. उचल आता. हळू, पाय सांभाळ. दोर मी सोडते.

ऑल्बन : तो पुढचा आधी. हां. आता मागचा. बसलीस?

लिस्ट्रा : बसले. तुझ्याकडे पाठ करून बसू का तोंड करून?

ऑल्बन : पोरीकडे तोंड कर.

जेम्मा : सिस्टर, किती वाजले?

लिस्ट्रा : दहाला पाच कमी.

ऑल्बन : मोठ्यानं सांगा, सिस्टर. तिलाही ऐकू जाऊ दे.