खळ

प्रेमा: हात लावून बघा. लांबून नाही, खोक्यात हात घालून.

काशीराम: ओलं आहे.

प्रेमा: ते मलाही दिसतंय. सकाळी सहाला टॉवेल घालून कामावर गेले. आता साडेतीनला येऊन बघते तर दोघी गिनीपिग चिखलात बसल्यासारख्या. ढवळीच्या पायाचा फोड काल सुकला होता, आज परत चिघळला. तुम्ही कधी आलात?

काशीराम: तीनला.

प्रेमा: आणि खोका बघितला नाही?

काशीराम: बघितला.

प्रेमा: बघितला आणि बसलात.

काशीराम: हां.

प्रेमा: ही बांडी तर टॉवेल खातेय. हा कोपरा बघा, पार कुरतडून टाकलाय. गवत आहे, कोबीचा पाला आहे, ते सोडून टॉवेल. गिनीपिग कापड खातात हे आमच्या लॅबमधल्या डॉक्टरीणबाईंनाही माहीत नसेल.

काशीराम: कांजी घातलीस?

प्रेमा: कुणाला?

काशीराम: टॉवेलाला.

प्रेमा: मग? धुतलेलं कापड तसंच वाळत घालू? पेजेचं पाणी होतं, त्यातून काढलं. कांजीशिवाय आमच्या घरातलं कापड कधी दोरीवर गेलं नाही. माझी आय पायपुसण्यालासुद्धा घालायची.

काशीराम: म्हणून खाते. तिला भात लागतो.

प्रेमा: अगो बाई.

काशीराम: आणि म्हणूनच ओलं राहतं. कांजी घातली की कापडाचं तोंड बंद होतं. पाणी पीत नाही, वरच ठेवतं.

प्रेमा: तोंड बंद होतं. मग तुम्हाला कुणी घातली कांजी? संपाला अडीच वर्षं झाली.

काशीराम: काय?

प्रेमा: काही नाही. परवा जया विचारत होती, बाबांना ऐकू कमी येतं का म्हणून. पोरगी सातवीत आहे, तिला वाटतं तुम्ही बहिरे झालात. ते जाऊ दे. आज शुक्रवार आहे ना?

काशीराम: असेल.

प्रेमा: आहे. सोमवारी बाई यांचे पाय बघणार. तुम्हाला सगळं सांगितलं होतं, पण तुम्ही ऐकलं असेल असं नाही, म्हणून परत सांगते. लॅबमध्ये यांना तारेच्या जाळीवर ठेवतात. जाळीनं पाय फुटतात. भुसा टाकून बघितला तर शिंकून शिंकून डोळे गळायला लागले. बाई म्हणाल्या, प्रेमा, कापड घालून बघ, पण इथं नको, मॅनेजर ओरडेल, घरी ने दोघींना आठ दिवस. पाय सुकले तर मी वरती लिहून देते, सगळ्या खोलीची जाळी काढून कापड घालू.

काशीराम: ऐकलं होतं हे.

प्रेमा: पुढचं नाही ऐकलंत. सगळ्या खोलीला कापड म्हणजे रोजचं धुणं. त्याला माणूस लागणार. कायमचा. बाई म्हणाल्या, कापड कळणारा असेल तर बरा. मी तुमचं नाव सांगितलं.

काशीराम: बरं.

प्रेमा: बरं म्हणजे?

काशीराम: सांगितलंस ना. बरं.

प्रेमा: रागवा तरी. म्हणा, मी मिलमध्ये कापडावर लव उठवणाऱ्या रेझिंग खात्याचा जॉबर, माझ्या हाताखाली बारा माणसं, आणि आता उंदरांची दुपटी धुऊ? असं म्हणा. मी म्हणेन, हो, धुवा. भांडण होईल, शेजारची शेवंती भिंतीला कान लावेल, घर घरासारखं वाटेल.

काशीराम: नको.

प्रेमा: काम नको?

काशीराम: भांडण नको.

प्रेमा: मग निदान हे बघा. काल वाकोला मार्केटातून आणलं. गुलाबी फलालीन. झबल्यांसाठी नेतात बायका. हात फिरवा, काय मऊ आहे. टॉवेल काढून हे घालते.

काशीराम: पाणी टाक.

प्रेमा: कुठं?

काशीराम: त्याच्यावर. बोटानं एक थेंब.

प्रेमा: टाकला.

काशीराम: काय झालं?

प्रेमा: काही नाही. बसून आहे.

काशीराम: अजून?

प्रेमा: अजून. अळूच्या पानावर बसतो तसा.

काशीराम: कोरं आहे. मिलची खळ आहे त्यात. सुताला लावतात, विणताना तुटू नये म्हणून. ती निघेपर्यंत कुठलंच कापड पाणी घेत नाही. तू घरी घालतेस, मिल आधीच घालून देते. दुकानात हात फिरवून कळत नाही. मऊ आहे ते कापड मऊ आहे म्हणून नाही, वरून लव उठवली म्हणून. हे आतल्या बाजूनं बघ. उठवलीच नाही. एका अंगानं एकदा फिरवलंय मशीनवर, कामचुकारांनी. पाच-सहा धुण्यांत लव झडेल, खाली राहील मच्छरदाणी.

प्रेमा: थांबा.

काशीराम: काय?

प्रेमा: काही नाही. बोला. गणपतीपासून एवढं बोलला नव्हतात.

काशीराम: झालं सांगून.

प्रेमा: नाही झालं. कोणतं घालू ते सांगा. मला हात फिरवून कळत नाही ना, तुम्ही सांगा.

काशीराम: एका कापडाचं काम नाही ते. तीन थर पाहिजेत. सगळ्यात खाली मेणकापड, खोका भिजू नये म्हणून. त्यावर पिणारं कापड. जुनं. जितकं जुनं तितकं चांगलं. आयेच्या लुगड्यांची गोधडी आहे ना फाटकी, ती घे चौपदरी. टॉवेल घेतलास तरी चालेल, कांजी काढून.

प्रेमा: आणि वरचं?

काशीराम: वरचं पिणारं नको. वरचं पिऊन बसलं तर पाय ओलेच. ते खाली सोडून देणारं पाहिजे. पाणी वरून पडलं की खाली गोधडीत गेलं, वर लव कोरडी. दोन्ही अंगांनी लव, आणि सूत मिक्स, अर्धं टेरिन. टेरिन पाणी धरून ठेवत नाही.

प्रेमा: असं कुठं मिळतं? सांताक्रूझला जाऊन आणते आत्ता.

काशीराम: नाय मिळत.

प्रेमा: बनतच नाही?

काशीराम: बनणार होतं.

प्रेमा: ट्रंकेत आहे ते.

काशीराम: ते नको.

प्रेमा: दोन्ही अंगांनी लव आहे त्याला. मला माहीत आहे, दर दिवाळीला मी ट्रंक पुसते. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, डांबराच्या गोळ्या घातलेलं. त्याला मिलचा गेटपास टाचलाय. मी कधी विचारलं नाही. गेट उघडलं की परत नेऊन द्यायचं असेल असं समजले. संप मिटेल, तुम्ही ते बगलेत मारून जाल. म्हणून हात लावला नाही.

काशीराम: हां.

प्रेमा: तुम्ही अजून रोज जाता गेटवर. रोज डबा भरून देते. तुमच्या खात्यातले धर्माभावोजी भेटतात का?

काशीराम: नाही.

प्रेमा: बाकीचे?

काशीराम: मी जात नाही गेटवर.

प्रेमा: कधीपासून?

काशीराम: गणपतीच्या आधीपासून. त्या दिवशी गेलो तर आतून ट्रक निघाला. वर मशीन होतं. ताडपत्री घातली होती, पण मला कळलं. सात नंबर. त्याच्या डाव्या पायाला मी लोखंडाची पट्टी मारली होती, ती ताडपत्रीखालून दिसत होती. मागून आणखी दोन ट्रक. सगळं खातं गेलं.

प्रेमा: कुणाला बोलला नाहीत.

काशीराम: काय बोलायचं?

प्रेमा: मला.

काशीराम: तुला सांगितलं असतं तर तू डबा भरला नसतास.

प्रेमा: मग रोज जाता कुठं?

काशीराम: विमानतळाच्या तारेपाशी. तिथं गवतात बसायला बरं आहे.

प्रेमा: विमानं बघता?

काशीराम: नाही. बसतो. आवाज एवढा होतो की डोक्यात काही राहत नाही. मग डबा खातो आणि येतो.

प्रेमा: मला भीती वाटते तुमची. कामावर असताना जाळ्या घासता घासता मनात येतं, आज घरी जाऊन काय बघावं लागणार. आणि घरी येते तर तुम्ही आहात तिथेच बसलेले. तेव्हा बरं वाटतं, आणि मग रात्रीपर्यंत तेही वाटेनासं होतं.

काशीराम: मी काही करणार नाही गो.

प्रेमा: तेच तर म्हणते. काहीच करत नाही.

काशीराम: ते कापड परत द्यायचं नव्हतं.

प्रेमा: म्हणजे?

काशीराम: म्हणजे द्यायचंच होतं, पण धुऊन. ट्रायल होता तो. परदेशी ऑर्डर येणार होती, पोरांच्या कपड्यांची. खात्याच्या मास्तरसाहेबांनी शनिवारी माझ्याकडे चार वार दिलं. म्हणाले, काशीराम, घरी ने, बायकोला सांग रोजच्यासारखं धुवायला. किती धुण्यांत लव बसते ते मला येऊन सांग. म्हणून गेटपास. रविवारी धुणार होतो. रविवारी जयाला ताप होता, राहून गेलं. सोमवारी संप.

प्रेमा: अडीच वर्षं धुवायचं राहिलंय?

काशीराम: धुतलं तर सांगायला जावं लागतं. कुणाला सांगणार?

प्रेमा: मला वाटलं तुम्ही ते जपून ठेवलंय.

काशीराम: ठेवलं नाय. राहिलं.

प्रेमा: मग माझं नशीब फुटकं का? सांगितलं बायकोला धुवायला, आणि बायकोला पत्ताच नाही. ते मास्तर मला कामचुकार समजले असतील.

काशीराम: त्यांनी कांजीचं काही सांगितलं नव्हतं. तू घातली असतीस. सगळा ट्रायल फुकट.

प्रेमा: हसलात का आत्ता?

काशीराम: नाही.

प्रेमा: बरं, नाही. चारला नळ येईल. स्टोव्ह पेटवू? तुमचं नाव सोमवारी बाईंनी घ्यावं असं मला वाटतं. घेतील की नाही देवाला ठाऊक. पण या दोघी जाळीवर परत जाऊ नयेत, एवढं तरी. तुम्ही नको म्हणालात तर मी ते गुलाबीच उकळून घालते. ट्रंकेला हात लावत नाही.

काशीराम: गुलाबीनं व्हायचं नाही.

प्रेमा: मग?

काशीराम: मोठं पातेलं ठेव. धुण्याचा सोडा आहे?

प्रेमा: मूठभर आहे.

काशीराम: पुरे. नीळ नको. साबण थोडा. आणि पेजेचा टोप आधी बाहेर नेऊन ठेव.

प्रेमा: कापायचं का आधी?

काशीराम: धुऊन आटलं की कापू. दोन तुकडे करू. एक खोक्यात, एक दोरीवर. टाचणी मी काढतो, नाहीतर पास फाटेल.

प्रेमा: हळू. वाफ येते.

काशीराम: सवय आहे. बघ, पाणी पांढरं झालं.

प्रेमा: दुधासारखं.

काशीराम: खळ.

प्रेमा: अहो, निळा शिक्का जातोय. मिलचं नाव आहे ना ते? काढा बाहेर, तेवढा कोपरा धरून ठेवते मी.

काशीराम: सोड. कच्च्या शाईचा असतो. पहिल्या धुण्यात जाण्यासाठीच मारतात.

(दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी. प्रेमाला सुट्टी. सात वाजून गेलेत.)

प्रेमा: तुम्ही गेला नाहीत? मी डबा भरून ठेवला.

काशीराम: जयाला दे. पाणी टाक.

प्रेमा: कशावर?

काशीराम: खोक्यातल्या कापडावर. थेंब.

प्रेमा: गेला. टाकला की गेला. कुठं गेला?

काशीराम: गोधडीत. वरून हात फिरव.

प्रेमा: कोरडं. रात्रभर दोघी याच्यावर होत्या आणि कोरडं. ढवळी बघा, चारही पाय पोटाखाली घेऊन बसलीय, उठायचं नाव नाही. बांडीनंही चावलं नाही.

काशीराम: भात लागत नाही ना.

प्रेमा: सोमवारी बाईंना काय सांगू?

काशीराम: मीच सांगीन. कसं धुवायचं ते त्या विचारतील. तुला नीट सांगता यायचं नाही, तू कांजी घालशील.

प्रेमा: नाही घालणार.

काशीराम: घालशील. पेन आहे?

प्रेमा: जयाच्या दप्तरात. हे घ्या. वही देऊ?

काशीराम: तूच लिही, माझे हात ओले आहेत. तो पास घे.

प्रेमा: गेटपासवर लिहू? यावर लिहिलंय, माल परत आणणे.

काशीराम: पुढं लिहिलंय. मागं कोरं आहे.

प्रेमा: काय लिहू?

काशीराम: धुणं पहिलं. लव उभी.