वालाएवढा टाका

...आणि वर मलाच विचारतात, 'भाऊ, बोटांना काय झालं?' आता काय सांगू? म्हटलं, बोरू तासताना चाकू लागला. तर शेजारच्या बैठकीवरचा तो गोपीनाथ कारकून, नसत्या चौकशा करण्यात पटाईत, माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघतो आणि अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल असं विचारतो, 'दहाही बोटांनी तासता का हो बोरू?' हसली की सगळी कचेरी! मामलेदारसुद्धा मिशीतल्या मिशीत हसले. सव्वीस वर्षं कल्याणच्या कचेरीत मोडी लिहितोय, माझ्या अक्षराला कुणी नाव ठेवलं नाही, आणि हसं झालं ते बोटांवरून. अहो, सुया टोचल्या होत्या सुया! पण सांगायची सोय होती का? पन्नाशीचा बाप्या रोज संध्याकाळी दार लावून गोधडी शिवतो हे कळलं असतं, तर गावाला वर्षभराची करमणूक झाली असती.

ही सगळी त्या बायजेची करणी. बायजा म्हणजे आंबिवलीची आगरीण, भाजीची पाटी घेऊन कल्याणात येते, तोंडानं फटकळ. कचेरीत मला सगळे अहो-जाहो करतात. ही मला सरळ 'अरे भाऊ, तू' म्हणते. ती म्हणाली, 'गोधडीला लागतं काय? सुई, दोरा नि जुनेर.' ऐकायला किती सोपं, नाही?

पण थांबा, मुळापासून सांगतो. आश्विनात आमची ही गेली. चार दिवसांचा ताप, बस्स. आमची एकुलती एक लेक उत्तरा, ठाण्याला दिलेली, टेंभी नाक्यावर. तिच्या लग्नाचा मांडव उतरला नाही तोच हिनं पहिल्या नातवंडासाठी गोधडी घालायला घेतली होती. मी म्हणायचो, अगं, बाजारात तुरी! तर म्हणायची, गोधडीला घाई चालत नाही. शिकलेली बायजेच्याच हाताखाली. चारी कडांनी शिवत शिवत आत आली होती, मधला हातभर चौकोन तेवढा राहिला, आणि तिथंच सुई टोचून ठेवलेली. दोरा ओवलेला. तशीच फडताळात होती. मी काढायचो, बघायचो, परत ठेवायचो... दहादा काढली असेल, दहादा ठेवली असेल.

माघात ठाण्याहून पत्र. सही व्याह्यांची, पण बोल विहीणबाईंचे, ते काय लपतात? उत्तराला दिवस गेलेत, चैत्रात तिला माहेरी पाठवतो. आमच्या घराण्यात बारशाला मूल आजोळच्या आजीच्या हातच्या गोधडीवर पाळण्यात घालतात, आमच्या विहीणबाईंनी जाण्याआधी करून ठेवली असल्यास कळवावे, नसल्यास आम्ही आमची आणू. वाचलं आणि डोकंच फिरलं माझं. आमची आणू म्हणजे? आणि हिनं तीन वर्षं शिवलेली काय फडताळात कुजवायची? बोरू उचलला आणि लिहून मोकळा झालो, 'गोधडी तयार आहे. कळावे.' सव्वीस वर्षांत खोटा कागद लिहिला नव्हता, पहिला लिहिला तो गोधडीपायी.

आता तयार आहे म्हटल्यावर तयार करायला नको? गेलो बायजेकडे. म्हटलं, एवढा चौकोन भरून दे बाई. तिनं गोधडीवरून हात फिरवला, आणि तशीच घडी करून माझ्या मांडीवर ठेवली. 'मी सुई लावली तं ती माझी झाली. घरच्या मानसानं धरली, घरच्या मानसानंच पुरी कराची. शिकवीन. पन शिवनार नाय.' म्हटलं, घरात बाईमाणूस आहे कुठं? थोरली आक्का मुरबाडहून बाळंतपणाला येणार, पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तर म्हणते, 'तू हायस ना?' मी पुरुषमाणूस आहे म्हटलं, तर म्हणते, 'सुईला कलतंय काय ते?' आणि वर पुन्हा तेच, 'गोधडीला लागतं काय?'

लोकांकडे सोपा उपाय होताच म्हणा. आमच्या आळीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलंच, दुसरं लग्न करून टाका भाऊ, गोधडीही होईल आणि दोन वेळची चूलही पेटेल. काय बोलणार असल्या लोकांशी!

मग काय, शिकवणी सुरू. पाटी रिकामी झाली की बायजा आमच्या मागच्या पडवीत यायची, पाटी पालथी घालायची, तिच्यावर बसायची आणि मला बोलायची. कचेरीत मी नव्या उमेदवारांना शिकवतो तेव्हा निदान मधेमधे पाणी तरी पिऊ देतो. हिचं म्हणजे, सुई अशी काय धरतंस, दोरा ओढू नको, गोला होईल, पाठ वाकव... माझी पाठ आणि वाकव! पण एक सांगतो, कचेरीत इतकं मनापासून शिकवणारा एकही मी पाहिला नाही. चुकलेला टाका ती कधी उसवायला लावायची नाही. 'राहू दे,' म्हणायची, 'पुढचा बरा घाल.'

तर चूक कुठं झाली ती ऐका. आता मी पडलो मोडी लिहिणारा. मोडीत आधी काय करतात? कागदावर आडवी ओळ आखायची, मग अक्षरं तिला टांगत जायचं. ओळीशिवाय माझा हात हलतच नाही. आणि बायजा सांगते, डोल्यानं अंदाज घे नि जा सरल. अंदाजानं? सरकारी माणूस अंदाजानं जातो कधी? एकदा बायजा चार दिवस आली नाही, मी एकटाच होतो. दौत काढली, रूळ काढला, आणि त्या चौकोनावर बोटबोट अंतरावर झकास ओळी आखल्या. काळ्याभोर, काजळाच्या शाईच्या! मग त्या ओळींवरून सुई अशी धावली म्हणता... पण शिवून झाल्यावर बघतो तर दोऱ्याच्या दोन्ही बाजूंनी शाई दिसतेय. बायजा बघेल तर सोलून काढेल. म्हणून माझ्या जुन्या उपरण्याचा पांढरा चौकोन फाडला, वर ठेवला आणि पुन्हा शिवला. पाचव्या दिवशी ती येऊन विचारते, 'ह्यो पांढरा कशाला?' म्हटलं, शोभेला. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मांजरीला हाकलायच्या निमित्तानं अंगणात गेलो. जाताना बजावून गेली, नीट धुवून उन्हात घाल. उन्हात घातली. धुतली मात्र नाही... शाईला पाण्याचं वावडं, हे काय मला कुणी शिकवायला हवं?

आणि एक गोष्ट बायजेलाही सांगितली नव्हती, तुम्हाला सांगतो. ती एकसारखी कटकट करायची, 'वालाएवढा टाका घालतंस! पोराचा आंगठा अडकल त्यात. तिचा बघ, तिलाएवढा.' मी म्हणायचो, जमत नाही. जमत नाही कसलं? सुईत आमच्या हिनं ओवलेला दोरा होता ना, अडीच-तीन हात, तोच मी वापरत होतो. लहान टाके घातले असते तर लगेच संपला असता. मोठे घातले म्हणून दोन ओळी पुरला. संपला त्या दिवशी सुई नुसतीच हातात घेऊन बसलो होतो. डोळ्यांना नेढं दिसेना, आणि तेव्हा घरात दोरा ओवून देणारंही कुणी नव्हतं. पुढं बायजा चार-चार सुया ओवून ठेवून जायची, पण हाताला सवय पडली ती पडलीच.

चैत्रात उत्तरा आली. गोधडी बघितली, चौकोनावरून हात फिरवला, आणि घडी करून फडताळात ठेवली. मी सुटलो म्हटलं. ज्येष्ठात नात झाली, गोरीगोमटी, रडायला खणखणीत. बाराव्या दिवशी बारसं. ठाण्याची मंडळी सकाळच्या आगगाडीनं आली. पाळण्यात गोधडी, गोधडीवर बरोबर मधोमध पोर, विहीणबाई जातीनं बघतायत. मी दाराआडून बघतोय. सगळं यथासांग झालं, आणि कुणीतरी पोरीला उचललं.

मी शाईला पाण्यापासून जपलं होतं हो. पण पाणी काय फक्त विहिरीतच असतं?

पोरीच्या पाठीवर तीन ओळी. आडव्या, बोटबोट अंतरावर, काळ्याभोर! खाली अक्षरं तेवढी लिहायची बाकी. आक्का म्हणाली, दृष्ट लागली. कुणी म्हणालं, वैद्याला बोलवा. विहीणबाईंनी बोट ओलं करून एक ओळ पुसून बघितली, बोटाकडे बघितलं, मग पाळण्यातली गोधडी काढून मांडीवर घेतली. आणि दाराकडे बघून म्हणाल्या, 'ही आमच्या विहीणबाईंच्या हातची ना? तुम्ही तसं लिहिलं होतंत.'

आता आली का पंचाईत? तयार आहे एवढंच लिहिलं होतं, असं म्हणून निसटता आलं असतं. कचेरीत रोज निसटतो. पण इथं नजर आपली त्या गोधडीवरच. वाटलं, विहीणबाई आता गोधडी परत करणार. आमच्या हिची तीन वर्षं फुकट गेली, आणि ती माझ्या एका दौतीपायी.

तेवढ्यात बाजेवरून उत्तरा बोलली, 'कडेचे टाके आईचे आहेत, सासूबाई. मधले आमच्या भाऊंचे. मला आल्या दिवशीच कळलं. आईचा टाका तिळाएवढा असतो.'

 दाराशी बायजा उभी होती, ती मान उंचावून बघू लागली. विहीणबाई कडेवरून हात फिरवत आल्या, चौकोनाशी थांबल्या, एकदा पुढं, एकदा मागं. दारात मी, दहा बोटांवर सुईचे वण घेऊन. मग गोधडी उलटी करून त्यांनी पाळण्यात घातली आणि पोरीला पुन्हा तिच्यावरच ठेवलं. 'शाई काय,' म्हणाल्या, 'चार धुण्यांत जाईल.' मी मागच्या पडवीत जाऊन बसलो. रडलो म्हणा हवं तर.

झालं, प्रकरण मिटलं असं मला वाटलं. कुठलं मिटतंय! काल ठाण्याहून गाठोडं आलं. विहीणबाईंच्या धाकट्या लेकीला दिवस गेलेत. गाठोड्यात त्यांची स्वतःची दोन जुनी लुगडी, धुतलेली, घडी घातलेली, आणि चिठ्ठी: 'भाऊंनी सवडीनं करावी. टाका वालाएवढा चालेल. दौत कचेरीतच ठेवावी.' बायजेला दाखवलं तर हसून हसून पाटीवरून पडायची राहिली. म्हणते, आता माझ्याजवळ कशाला येतंस, आळीतल्या पोरींना तूच शिकव!

आणि म्हणून आज दार सताड उघडं टाकून तुमच्यासमोर हे घेऊन बसलोय. लपवायचं आता कुणापासून? गोधडीला लागतं काय? सुई आहे, जुनेर आहे, दोराही आहे... तुमच्यापैकी कुणाचे डोळे चांगले आहेत हो? एवढा ओवून द्या.