दसऱ्याला प्रिंटर रुसला

माहेर माझं विंचूरकडचं. दहावी झाली, लग्न झालं आन देवळाली कॅम्पात आले, तवापासून हीच खोली. माझे मालक वारले तवा भाऊजी, म्हंजे माझे धाकले दीर, म्हणले वहिनी, खोली सोडा, गावाला चला, दोन टाइम सैपाक करा आन सुखानं राहा. काय सांगू तुम्हाला, मला त्यात नुसता सैपाकच ऐकू आला. नाय गेले. प्रिंटर घेतला आन घरीच पोरापोरींचे लग्नाचे बायोडेटा छापून द्यायला लागले.

बरं चाललं होतं, तर दसऱ्याला घात झाला. आपल्यात ज्याच्यावर पोट चालतं त्याची दसऱ्याला पूजा करत्यात, तशी मीबी प्रिंटरला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, वरून मूठभर अक्षता वाहिल्या. दुसऱ्या दिवशी मशीन कागदच घेईना, घेतला तर वाकडा ओढायचं, कडकड करायचं आन लाल दिवा लावून बसायचं. बंद केलं, चालू केलं, कागद बदलला, शाई बघितली, नाय म्हंजे नाय. भाऊजी नेमके तवाच सोनं द्यायला आलेले. म्हणले, हे बाईमाणसाचं काम नव्हं, द्या भंगारात, मी टेम्पो सांगतो, सामान बांधा. मी म्हणले सांगा टेम्पो, तुमचं काय न्यायचं असंल ते न्या.

बोलले खरी, पण खोलीचं भाडं मशीनवरच निघत होतं. मशीन गेलं तर खोली जाणार, खोली गेली की मी त्यांच्या चुलीपुढं. वायर काढली, मोबाइलची बॅटरी लावून कागद घालायच्या फटीत बघितलं, तर आत माझ्याच अक्षता, कुंकवानं लाल झालेल्या, चाकाला चिकटून बसलेल्या. लय हसले मी, रडलेबी. भुवयांचा चिमटा घेतला आन एकेक दाणा काढला, भाऊजी बघत उभे. वायर लावली, कागद घातला, सरळ छापून बाहेर आला. भाऊजी म्हणले, आता तरी ती पूजा बंद करा. का म्हणून करू? आता फटीवर फडकं टाकते आन मग वाहते अक्षता.

भाऊजी अजून येत्यात, चहा पित्यात, विचारत्यात वहिनी, कधी येताय. देव त्यांचं भलं करो, माणूस वाईट नाय. मी सांगते येईन की दिवाळीला, चार दिवस पाहुणी म्हणून, आन ताटावर बसून जेवीन.