दोन घोडे आणि बारा अंडी

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं, आजोबांना तसा शब्द दिलाय, पण तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही आमच्या आईला ओळखत नाही... तर आजोबांची एक गाडी आहे, राखाडी, छप्पर कापडाचं, खिडकी मधोमध दुमडते आणि खड्डा आला की थाडकन कोपरावर पडते, आणि नाव काय, तर 'दोन घोडे'. आई म्हणते, "दोन घोडे, बाबा, आणि दोन्ही पेन्शनीत."

असं म्हटलं रे म्हटलं की आजोबा इतिहास काढतात. अख्खा. कारखान्याच्या साहेबांनी म्हणे फर्मावलं होतं, अशी गाडी करा की नांगरलेल्या शेतातून गेली तरी टोपलीतलं एक अंडं फुटायला नको. मग लढाई आली, तेव्हा नमुन्याच्या गाड्या जर्मनांपासून लपवल्या. मग लढाई संपली तर गिऱ्हाइकांची एवढी झुंबड की वर्षानुवर्षं यादीत थांबा, आधी डॉक्टर, पाद्री, सुईणी... "माझी आई सुईण होती म्हणून मिळाली, अर्धं गाव या गाडीमुळे सुखरूप जन्मलं," इथवर येईपर्यंत सूप गार झालेलं असतं.

पण गेल्या महिन्यात आजोबांनी तीच गाडी औषधाच्या दुकानाच्या पायरीवर चढवली, आणि आईनं ती विकायला लियाँ शहरातलं एक गिऱ्हाईक ठरवलं. आजोबा जेवेनात. शेवटी रविवारी आई म्हणाली, "बरं, उद्या शेतातून अंडी नेऊन दाखवा. एक जरी फुटलं, तर शनिवारी तो माणूस गाडी नेणार."

"नेऊ दे," आजोबा म्हणाले, पण चमचा खाली ठेवला.

आता हेच मी सांगायचं नव्हतं... सोमवारी सकाळी मी दूध घ्यायला खाली आले, तर आजोबा शेगडीपाशी, मोठं पातेलं, आणि त्यात बारा अंडी उकळतायत.

"आजोबा, तुमचा गाडीवर विश्वास नाही?"

"गाडीवर आहे गं, ओडिल. शेतावर नाही."

मग काय, मी मागच्या सीटवर, शेजारी टोपली, माझं डोकं तीनदा छपराला लागलं, खिडकी दोनदा कोपरावर पडली, आणि आई बांधावर हाताची घडी घालून. तिनं एकेक अंडं हातात घेऊन पाहिलं. बाराव्यापाशी थांबली.

"याला तडा गेलाय, बाबा. गळत कसं नाही?"

"मिरेय," आजोबा आईला अगदी शांतपणे म्हणाले, "हीच तर या गाडीची करामत."

आईनं तिथूनच लियाँला फोन करून नाही म्हणून सांगितलं, आजोबा आता अंगणात शीळ घालत गाडी धुतायत, आणि मला एवढंच वाटतं की हे मी सांगायचं नव्हतं, पण तसं आता बिघडणार तरी काय, टोपली तर तशीच फडताळात...

"ओडिल, ती अंडी आण गं. आजोबा जिंकले ना, सगळ्यांना ऑम्लेट करते."

आले, आई... फक्त, आज ऑम्लेटऐवजी आपण—