बरणीतले पाहुणे

हसू नका, पण चिखलाच्या बरणीपायी माझ्याकडे एकदा चार कप चहा आलाय.

सोनगीरला खोली घेऊन राहत होतो. तलावातले आणि पावसाळी डबक्यातले सूक्ष्म जीव तपासायचे, हे माझं काम. दिवसभर बोलायला कुणी नाही. डबकं आटलं तरी त्या जिवांची अंडी वाळक्या चिखलात तग धरून राहतात. तसला चिखल मी बरणीत भिजत घातला होता. एका सकाळी बघतो तर पाण्यात टिपक्याएवढे जीव उड्या मारतायत! मी ओरडलोच, “या, या! किती वाट बघायला लावलीत!”

थोड्या वेळाने घरमालकीण अक्का दारात. त्याही खाली एकट्याच राहायच्या. हातात ट्रे, त्यात ठेवणीतल्या कपबश्या, नुकत्याच धुतलेल्या.

“पाव्हना कोठे शेतस?” त्या खोलीभर पाहुणे शोधू लागल्या.

मी ओशाळून बरणी दाखवली, चिखलाचं सगळं सांगितलं. वाटलं, आता मला वेड्यात काढणार. अक्का चष्मा लावून कितीतरी वेळ बघत बसल्या. चहा पार निवला.

मग हळूच म्हणाल्या, “माले बी थोडा चिखल दे ना, भाऊ.”